सांगणारा कोण?

आरोग्याची माहिती आणि विश्वास : सव्वाशे वर्षांचा एक हिशेब

रक्ततपासणीचा कागद हातात पडला आणि त्यातला एखादा आकडा ठळक अक्षरांत दिसला, की आज बहुतेक घरांत पहिला सल्ला मोबाइलचा घेतला जातो. डॉक्टरांची वेळ उद्याची असते. मोबाइल आत्ता उत्तर देतो. उत्तरे एक नाही, शेकडो मिळतात आणि ती एकमेकांशी जुळतातच असे नाही. तरीही माणूस त्यांतले एखादे उत्तर खरे मानतो, त्यावर पथ्य ठरवतो, प्रसंगी चालू असलेले औषध बंद करतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच ठिकाणी जातो. हे ‘खरे मानणे’ नेमके कसे घडते? माहिती बरोबर आहे म्हणून ती पटते, की पटते म्हणून ती बरोबर वाटते?

हा प्रश्न इंटरनेटने आणला, असा आपला समज असतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच्या बरोबर ९९ वर्षे आधी, १८९६ मध्ये, मुंबईपुढे आणि पाठोपाठ पुण्यापुढे हाच प्रश्न उभा होता आणि त्याचे उत्तर शोधताना हजारो माणसे दगावली. या लेखात त्या साथीपासून आजच्या मोबाइलपर्यंतचे काही प्रसंग एका सूत्रात ओवून पाहायचे आहेत. आरोग्याविषयी सांगणाऱ्याचे लोकांनी केव्हा ऐकले आणि केव्हा ऐकले नाही, एवढेच ते सूत्र.

मांडवीतला ताप

१८९६ चा पावसाळा सरत असताना मुंबईच्या मांडवी भागात, बंदरालगतच्या धान्याच्या वखारींच्या आसपास, लोक एका वेगळ्याच तापाने मरू लागले. अंगात फणफणून ताप, जांघेत किंवा काखेत गाठ आणि चार-सहा दिवसांत मृत्यू. सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ही गाठीच्या प्लेगची साथ आहे असे उघडपणे सांगितले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे आणि महापालिकेचे सदस्य. ही बातमी कोणालाच नको होती. बंदरात प्लेग आहे म्हटल्यावर जगभरची बंदरे मुंबईच्या मालाला दार लावणार, हे व्यापाऱ्यांना आणि सरकारला पक्के ठाऊक होते. निदान बरोबर होते. पण ते मान्य होईपर्यंत दिवस गेले.

मान्य झाल्यावर मात्र सरकार दुसऱ्या टोकाला गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात महापालिका आयुक्तांनी हुकूम काढला : संशयित रोग्याला वेगळे काढायचे, लागल्यास सक्तीने रुग्णालयात हलवायचे, घर धुऊन काढायचे. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले, चाळींची कौले उतरवली गेली, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि या सगळ्याला कायद्याचे बळ मिळाले.

लोकांचा प्रतिसाद काय होता? २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रोगी लपवले जाऊ लागले. रुग्णालयात माणसांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, अशी अफवा पसरली. हिवाळा संपेपर्यंत आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले आणि जाताना रोगही सोबत घेऊन गेले.

या साऱ्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तसेच केले. परंतु चाळीतल्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. प्लेगवर औषध नव्हतेच. त्यामुळे रुग्णालय म्हणजे मरणाची जागा हा त्याचा निष्कर्ष अनुभवाला धरून होता. ‘मोमियाई’ खोटी होती, पण जिवंत नेलेला माणूस मेलेला परत येतो, यामागे काहीतरी दडवले जात आहे, ही शंका अगदीच निराधार नव्हती. माहिती देणाऱ्याने ‘का’ सांगितले नाही, की ती पोकळी अफवा भरून काढते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सरकार ज्या खात्रीने बोलत होते, ती खात्रीच चुकीची होती. घाण, कोंदट हवा आणि रोग्याचा स्पर्श यांतून प्लेग पसरतो, असे गृहीत धरून घरे धुतली आणि जाळली जात होती. प्रत्यक्षात रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसात येत होता. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून हे दाखवले, तेव्हा त्याच्या समव्यवसायींनीही ते मनावर घेतले नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने काम केले, तेव्हा कुठे ती गोष्ट पक्की झाली. म्हणजे १८९७ मध्ये दार ठोठावणाऱ्या शिपायाकडे सत्ता होती, ज्ञान नव्हते. दार न उघडणाऱ्याकडे दोन्ही नव्हते, पण त्याचा संशय पूर्णपणे चुकीचाही नव्हता.

पुण्यात ही कहाणी आणखी कडू झाली. डब्ल्यू. सी. रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घरांची झडती घेतली. स्वयंपाकघरात, देवघरात ते शिरले, स्त्रियांची तपासणी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास मराठी वाचकाला राजकीय घटना म्हणून परिचित आहे. त्याकडे आरोग्यमाहितीच्या इतिहासातले एक प्रकरण म्हणूनही पाहायला हवे.

कारण त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, वेगळेही काही घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढारी मंडळी शहर सोडून जात असताना टिळक पुण्यात राहिले. त्यांनी हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढले आणि तेथे ते स्वतः जात-येत राहिले. मुंबईतही निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये उभारली. सरकारी रुग्णालयाला घाबरणारी माणसे या रुग्णालयांत जायला तयार होती. उपचार दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखेच होते. फरक होता तो आत कोण भेटणार याचा.

सुई आणि साक्षीदार

याच काळात मुंबईत वाल्डेमार हाफकिन नावाचा एक रशियन ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि तिच्यापुढच्या व्हरांड्यात प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि तो बरा झाला. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

लस आली, पण टोचून घेणार कोण? येथे एका तरुणाने मोठे काम केले. तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह तेव्हा विशीतही पोचले नव्हते. त्यांनी हाफकिनच्या कामासाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि अनुयायांच्या देखत स्वतः लस टोचून घेतली. मुंबईतल्या खोजा समाजातली हजारो माणसे त्यांच्यामागोमाग पुढे आली. लशीतले विज्ञान त्यांना समजले असेल अशी शक्यता कमीच. त्यांना जे समजले ते इतकेच, की जो सांगतो आहे त्याने ते आधी आपल्या दंडावर करून दाखवले आहे. हाफकिनने जानेवारीत जे केले, त्याचीच ही सार्वजनिक आवृत्ती होती.

असा विश्वास किती नाजूक असतो, हेही लवकरच दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एका बाटलीतून लस मिळालेले १९ जण पुढे धनुर्वाताने मेले. बाटली परळच्या प्रयोगशाळेतून आलेली असल्यामुळे ठपका हाफकिनवर आला आणि त्याला बाजूला व्हावे लागले. पुढे उलगडले ते असे, की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेल्या रोनाल्ड रॉससारख्यांनी जाहीरपणे हाफकिनची बाजू घेतली, तेव्हा १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव देण्यात आले.

मुल्कोवालहून घेण्याजोगा धडा अपघाताविषयीचा कमी आणि नंतरच्या पाच वर्षांविषयीचा अधिक आहे. काय घडले हे सांगायला पाच वर्षे लागली. तोवर मुल्कोवालची बातमी लोकांपर्यंत पोचली होती, खुलासा पोचला नव्हता. पंजाबात लसीकरणाची मोहीम कोसळली आणि त्यानंतरच्या वर्षांत त्याच प्रांतात प्लेगने लाखो बळी घेतले. चूक झाल्यावर लोक विश्वास ठेवणे बंद करतातच असे नाही. चूक झाल्यावर कोणी समोर येऊन तिचा हिशेब देत नाही, तेव्हा मात्र ते नक्की बंद करतात.

पोस्टाने आलेला प्रश्न

प्लेगची माहिती चव्हाट्यावर सांगण्याजोगी होती. आरोग्याचे काही प्रश्न मात्र असे असतात, की ते घरच्या डॉक्टरलाही विचारता येत नाहीत. मराठीत अशा प्रश्नांना पहिल्यांदा सातत्याने उत्तरे दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेच हे वर्ष. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तक आले. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. पाठीशी संस्था नव्हती, पैसा नव्हता. पत्नी मालतीबाईंची साथ होती.

‘समाजस्वास्थ्य’चे वैचारिक लेख पुष्कळ अभ्यासले गेले आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा भाग. हस्तमैथुन, गुप्तरोग, गर्भधारणा, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरचे प्रश्न पोस्टाने येत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापत. भाषा कोरडी, कधी तिरकस. उपदेश नाही, घाबरवणे नाही. त्या काळी वर्तमानपत्रांत ‘धातुदौर्बल्या’वरच्या औषधांच्या जाहिराती भरभरून येत आणि तरुणांच्या भीतीवर त्या औषधांचा धंदा चाले. कर्व्यांचे उत्तर वाचून ती भीती जात असे. एका पोस्टाच्या पाकिटात दोन गोष्टी एकदम साधत होत्या : विचारणाऱ्याची लाज राखली जात होती आणि उत्तराखाली उत्तर देणाऱ्याची जबाबदारी उभी होती.

ही जबाबदारी नावापुरती नव्हती. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. या वेळी निमित्त होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलेले सर्वच अश्लील ठरत नाही आणि वाचक प्रामाणिकपणे विचारत असतील तर त्यांना शास्त्राला धरून उत्तर मिळाले पाहिजे, असा त्यांच्या बचावाचा गाभा होता. तोही खटला कर्वे हरले आणि दोनशे रुपये दंड झाला. दंड भरून ते पुढच्या अंकाच्या कामाला लागले.

वाचक ‘समाजस्वास्थ्य’कडे पुन्हा पुन्हा का येत राहिले असतील? वर्गणीदार फार नव्हते, समाजात नाव बरे नव्हते, मासिक घरात लपवून ठेवावे लागे. तरी ते सव्वीस वर्षे टिकले. मला वाटते, त्याची तीन कारणे होती. एक, तिथे विचारता येत होते. दोन, उत्तर देणारा तेच आयुष्य स्वतः जगत होता. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या कर्व्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली होती. तीन, पुढच्या महिन्यात तो त्याच पत्त्यावर असणार याची खात्री होती. हाफकिनचा दंड आणि कर्व्यांचा पत्ता या एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

गावातलीच बाई

पोस्टाचे पाकीट लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी होते. ज्या गावांत अक्षरओळख नव्हती, तिथे आरोग्याची माहिती कोणी आणि कशी न्यायची? याचे उत्तर महाराष्ट्रात दोन ठिकाणी सापडले.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिकांना गावांत पाठवून पाहिले. पण बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलीचे गावातल्या बाया ऐकत नव्हत्या आणि तिलाही गावात राहणे जमत नव्हते. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असे ठरले. निवडून आलेल्या स्त्रिया बहुधा निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक परित्यक्ता. त्या नियमाने जामखेडला येत, आठवडाभरात गावात काय घडले ते सांगत, नवे शिकत आणि परत जात. गरोदरपणात काय खावे, जुलाब झालेल्या बाळाला पाणी का द्यावे, कुष्ठरोग कसा ओळखावा, हे त्या सांगू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु या प्रयोगातली खरी शोधाची गोष्ट अशी, की माहिती तीच असूनही परिचारिकेच्या तोंडून ती हुकूम वाटत होती आणि गावातल्या बाईच्या तोंडून अनुभव वाटत होती. तिचे मूलही त्याच विहिरीचे पाणी पीत होते.

दुसरे ठिकाण गडचिरोली. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तेथे गेले. आदिवासी लोक रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रोग्याच्या सोबत्यांना राहायला जागा नसते, अशी उत्तरे आली. मग शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. पुढे ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. पुढे देशभर नेमल्या गेलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कल्पनेमागे असे प्रयोग होते.

दाराचे रूप बदलताच लोक आत येतात, ही गोष्ट लक्षात ठेवून आता मोबाइलकडे वळू.

नाव नसलेला वैद्य

इंटरनेटवर आरोग्याची माहिती येऊ लागली, तेव्हा तिच्या खरेखोटेपणाची चिंताही लगोलग सुरू झाली. १९९६ मध्ये जिनिव्हातल्या एका प्रतिष्ठानने विश्वासार्ह आरोग्य-संकेतस्थळांसाठी ‘ऑनकोड’ नावाचे प्रमाणचिन्ह सुरू केले. लेखक कोण, माहिती कधीची, पैसा कोणाचा, हे स्पष्ट सांगणाऱ्यांना ते चिन्ह मिळे. २०२२ च्या अखेरीस ही सेवा बंद पडली.

अशी चिन्हे वाचक पाहतात का? २००२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे गुंथर आयझेनबाख आणि क्रिस्टियन कोलर यांनी लोकांना संगणकापुढे बसवून आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरे शोधायला सांगितली. विचारले तर लोक म्हणत, आम्ही माहितीचा स्रोत तपासतो, ती अधिकृत आहे का ते पाहतो. शोधत असताना मात्र ‘आमच्याविषयी’ हे पान एकानेही उघडले नाही. आणि नंतर विचारल्यावर उत्तर कोठून मिळाले हे फार थोड्यांना आठवले. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांनी अडीच हजारांहून अधिक लोकांना संकेतस्थळांची विश्वासार्हता जोखायला लावली. त्यांच्या शेऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे शेरे मांडणीविषयी, दिसण्याविषयी होते. हसू येण्याजोगी ही गोष्ट आहे खरी. पण शोधग्रामच्या झोपड्या आठवल्या, तर ती तितकी उथळ वाटत नाही. दार परके वाटले, तर माणूस आत काय आहे हे पाहण्याइतकाही थांबत नाही.

याहून उद्बोधक अभ्यास ब्रिटनमध्ये एलिझाबेथ सिलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पाळी जाण्याच्या वयातल्या १५ स्त्रिया संप्रेरकांचे औषध घ्यावे की नाही या पेचात होत्या. त्या इंटरनेटवर कशा शोधतात, हे त्यांनी काही महिने पाहिले. पहिल्या नजरेत नापसंत पाने त्या दिसण्यावरून झटकन बाजूला सारत. उरलेल्यांत मात्र त्या मजकूर बारकाईने वाचत, औषध विकणाऱ्यांची पाने संशयाने पाहत आणि जिथे आपल्यासारख्या बायांचे अनुभव वाचायला मिळत तिथे थांबत. वाचलेले घेऊन त्या डॉक्टरकडे जात. म्हणजे दिसण्यावरून नकार ठरतो. विश्वास मात्र ‘हे लिहिणारी माझ्यासारखी आहे’ या ओळखीतून ठरतो. जामखेडच्या बाईची जागा पडद्यावरच्या अनोळखी बाईने घेतलेली असते.

भारतातली कहाणी येथून थोडी वेगळी होते, कारण आपल्याकडे आरोग्याची माहिती मोठ्या प्रमाणावर शोधून मिळत नाही, ती पाठवली जाते. सकाळच्या ‘शुभ प्रभात’ पाठोपाठ आलेला मधुमेहावरचा काढा, हृदयविकारावरचा व्यायाम. त्या मजकुराचा लेखक कोण हे कोणालाच माहीत नसते. पण तो पाठवणारा आपला मामा असतो, शाळेतली मैत्रीण असते, सोसायटीचा सचिव असतो. मूळ सांगणारा गळून पडतो आणि त्याच्या जागी पोचवणाऱ्याचे नाते येऊन बसते. मामावर असलेला विश्वास काढ्याला मिळतो. मामाने तो काढा घेऊन पाहिलेला नसतो, लिहिलेला तर नसतोच. ‘असावे म्हणून’ त्याने तो पुढे ढकललेला असतो.

एप्रिल २०२१ मध्ये, लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगा लावत असताना, कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढतो, असा संदेश घराघरांत पोचला. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता. ज्यांनी तो पाठवला त्यांतल्या बहुतेकांच्या मनात काळजीच होती, हे यातले सर्वांत दुःखद. पुरचुंडी हुंगत काढलेले चार तास रुग्णालय गाठण्यासाठी हवे होते. संदेश पुढे पाठवण्यावर व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात पाचची मर्यादा घातली होती, २०२० मध्ये वारंवार फिरणाऱ्या संदेशांवर ती आणखी आवळली. त्यामुळे वेग कमी झाला असेल. नात्याची उसनवारी कशी थांबणार?

पुन्हा दारावरची थाप

त्याच साथीत घडलेली आणखी एक गोष्ट या लेखाच्या सुरुवातीशी जोडून पाहण्याजोगी आहे. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबवली. घरोघर जाऊन ताप मोजायचा, बोटाला यंत्र लावून प्राणवायूची पातळी पाहायची, जुन्या आजारांची नोंद करायची. १८९७ मध्येही घरोघरची झडती होती. कायदाही तोच होता, १८९७ चा. दारात मात्र बंदूकधारी शिपाई नव्हता. बहुतेक ठिकाणी गावातली, वस्तीतली आशाताई होती. काही ठिकाणी दारे लावून घेतली गेली, काही ठिकाणी अपशब्दही ऐकावे लागले. तरीही लाखो घरांनी दार उघडले, कारण हिच बाईने मागे आपल्या सुनेचे बाळंतपण पाहिले होते आणि साथ संपल्यावरही ती याच गल्लीत राहणार होती. तुटपुंज्या मानधनावर, अपुऱ्या साधनांनिशी स्वतःचा जीव धोक्यात घालून ती हिंडत होती. मानधनासाठी तिला पुढेही मोर्चे काढावे लागले.

या सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडला, तर आरोग्यमाहितीवरचा विश्वास तीन गोष्टींवर उभा राहिलेला दिसतो. सांगणारा धोक्यात सहभागी असावा : हाफकिन, सावित्रीबाई, आशाताई. त्याला उलट प्रश्न विचारता यावा आणि विचारताना लाज वाटू नये : कर्व्यांचे मासिक, जामखेडच्या बैठका. आणि उद्याही तो तिथेच सापडावा, चुकला तर हिशेब देण्यासाठी : मुल्कोवालनंतर जे घडायला हवे होते आणि घडले नाही. माहितीचा अचूकपणा या तिन्हींपेक्षा मोठा आहे यात शंका नाही. पण केवळ अचूकपणाच्या बळावर ती माणसाच्या उंबरठ्याच्या आत गेल्याचे उदाहरण या इतिहासात सापडत नाही. उलट, या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत असे भासते, त्याचे खोटेही आत जाते. विश्वास आणि सत्य ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

मोबाइलने या तिन्हींतली एक गोष्ट आपल्याला भरभरून दिली : लाज न वाटता विचारण्याची मोकळीक. चौदा वर्षांची मुलगी पहिल्या पाळीविषयी आज जे रात्री अंधारात विचारू शकते, ते तिच्या पणजीला आयुष्यभरात विचारता आले नाही. ही लहान गोष्ट नाही. कर्वे हयात असते, तर त्यांना तिचा आनंदच झाला असता. पण त्यांच्या पाकिटाची दुसरी बाजू, उत्तराखालचे नाव आणि पत्ता, मोबाइलवर बहुधा कोरी असते. ती कोरी बाजू आपण सवयीने मामाच्या, मैत्रिणीच्या, नीटनेटक्या पानाच्या नावाने भरून टाकतो. ती खऱ्या नावाने भरायची, तर डॉक्टरांनी, आरोग्य खात्याने आणि मराठीत आरोग्यावर लिहिणाऱ्यांनी उत्तराखाली सही करायची आणि पुढच्या महिन्यातही त्याच पत्त्यावर सापडायचे, ही जुनीच पद्धत पुन्हा धरावी लागेल. वाचकाच्या बाजूने एवढेच करता येईल, की एखादा काढा पुढे पाठवण्याआधी, हा मी स्वतः घेऊन पाहिला आहे का आणि याचे काही बरेवाईट झाले तर उद्या मी दारात उभा राहीन का, हे स्वतःला विचारायचे. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबलेला बरा.